पेनिसिलीनचा गाभा

घरांत लहान मुलाचा कान ठणकूं लागला किंवा घसा सुजला, म्हणजे डॉक्टर पुष्कळदां एक गोड, रंगीत औषध लिहून देतात. बाटलीवरचें नांव वाचलें, तर त्याच्या शेवटीं 'सिलीन' हीं अक्षरें दिसतात. ॲमॉक्सिसिलीन, ॲम्पिसिलीन, क्लॉक्सासिलीन हीं सारीं एकाच कुळांतलीं नांवें. हें औषध कोणीं तयार केलें, असें विचारलें तर खरें उत्तर थोडें चमत्कारिक आहे. त्याचा एक भाग बुरशीनें तयार केलेला असतो आणि दुसरा माणसानें. बुरशीचें काम जेथें संपतें आणि माणसाचें जेथें सुरू होतें, त्या सांध्यावर एक पांढरी भुकटी उभी आहे. औषधाच्या दुकानांत ती मिळत नाहीं, रोग्याला ती कोणी देत नाहीं, आणि तिचें नांव डॉक्टरांच्याहि तोंडीं क्वचितच येतें. रसायनशास्त्रज्ञ तिला सहा-अमिनो-पेनिसिलॅनिक ॲसिड म्हणतात. हें लांबलचक नांव मी आज पुन्हां घेणार नाहीं. आपण तिला 'पेनिसिलीनचा गाभा' म्हणूं. आजचें भाषण या गाभ्याविषयीं आहे.

पेनिसिलीनची जन्मकथा बहुतेकांच्या कानांवरून गेली असेल, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. १९२८ सालीं लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतूंच्या बशींत एक बुरशी वाढलेली आढळली, आणि तिच्या भोंवतालचे जंतू विरघळून गेलेले दिसले. १९४० सालीं ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन आणि हीटली यांनीं त्या बुरशीच्या रसांतून औषध वेगळें काढलें व उंदरांवर त्याचा गुण सिद्ध केला. पुढच्या वर्षीं ऑक्सफर्डच्या एका पोलीस शिपायाचा विकार बरा करण्यासाठीं तें टोंचण्यांत आलें. शिपाई सुधारूं लागला. पण औषध इतकें थोडें, कीं त्याच्याच लघवींतून तें परत काढून पुन्हां टोंचावें लागलें. शेवटीं तेंहि संपलें आणि तो दगावला.

हा तुटवडा दूर करण्यासाठीं युद्धकाळांत अमेरिकेंत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेनें बुरशीला नवें खाद्य दिलें. मक्याचा स्टार्च काढतांना मका भिजवून जें दाट पाणी उरतें, तें हें खाद्य. उत्पन्न पुष्कळ वाढलें. पण त्याबरोबर एक विलक्षण गोष्ट ध्यानांत आली. ऑक्सफर्डचें पेनिसिलीन आणि अमेरिकेचें पेनिसिलीन हीं एकच द्रव्य नव्हतीं! दोहोंचा मुख्य भाग एक, पण त्याला चिकटलेली एक लहानशी साखळी मात्र वेगळी. मक्याच्या पाण्यांत जीं द्रव्यें होतीं, त्यांतून बुरशीनें ती साखळी उचलली होती. मग शास्त्रज्ञांनीं मुद्दाम फेनिल-ॲसेटिक ॲसिड नांवाचें द्रव्य खाद्यांत मिसळलें, तेव्हां बुरशी तेंच उचलून जवळजवळ एकाच प्रकारचें पेनिसिलीन देऊं लागली. त्याला पेनिसिलीन-जी म्हणतात.

येथें आपल्या ओळखीचा एक दाखला घेऊं. कोयत्याचें पातें लोहार घडवतो आणि मूठ सुतार बसवतो. कापण्याचें काम पात्याचें खरें, पण तें हत्यार कोणाच्या हातांत नीट बसेल, कोणत्या कामाला चालेल, ओल्या हातांतून निसटेल कीं नाहीं, हें पुष्कळसें मुठीवर अवलंबून असतें. पेनिसिलीनचें असेंच आहे. गाभा म्हणजे पातें आणि ती लहान साखळी म्हणजे मूठ. गाभा मात्र सर्व पेनिसिलिनांत एकच.

तो आहे तरी कसा? आठ कर्ब, बारा हायड्रोजन, दोन नत्र, तीन ऑक्सिजन आणि एक गंधक, एवढ्याच अणूंचा हा संसार. पण त्यांची मांडणी अशी विचित्र, कीं तिच्यावरून युद्धकाळांत मोठा वाद माजला. चेन व एब्रहॅम यांचें म्हणणें असें, कीं मध्यें चार अणूंचें एक चौकोनी कडें आहे. त्यांत तीन अणु कर्बाचे व एक नत्राचा. या कड्याला लागूनच पांच अणूंचें दुसरें कडें आहे, आणि गंधक त्यांत बसला आहे. सर रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या अधिकारी पुरुषास हें पटेना, कारण असलें चौकोनी कडें अत्यंत नाजूक. निसर्ग तें कशाला बांधील? १९४५ सालीं डोरोथी हॉजकिन यांनीं पेनिसिलीनच्या स्फटिकांतून क्ष-किरण सोडून त्याचा नकाशाच काढला, आणि चौकोनी कडें खरें ठरलें. विद्वानांच्या शंकेंत तथ्य नव्हतें असें नाहीं. तें कडें नाजूक आहेच. पण त्याची सारी शक्ति त्या नाजूकपणांत आहे.

जंतु आपल्या देहाभोंवतीं एक विणलेली भिंत उभारतो. तिचे धागे एकमेकांस जोडणारें एक एन्झाइम त्याच्यापाशीं असतें. पेनिसिलीनचा आकार त्या धाग्याच्या टोंकासारखा असल्यामुळें एन्झाइम फसतें आणि धागा समजून त्यालाच पकडतें. मग ताणलेलें चौकोनी कडें वांकवलेल्या कांबीसारखें फटकन् उलगडतें आणि एन्झाइमाला कायमचें चिकटून बसतें. भिंत अपुरी राहते व वाढता जंतु फुटून जातो. आपल्या शरीरांतल्या पेशींना अशी भिंतच नाहीं. म्हणून हें विष जंतूंना मारतें आणि आपल्याला सोडून देतें. हें फसवणुकीचें स्पष्टीकरण टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनीं १९६५ सालीं मांडलें.

इतकें गुणी औषध हातीं आलें तरी त्याचीं तीन वैगुण्यें लवकरच जाणवूं लागलीं. पेनिसिलीन-जी पोटांतल्या आम्लांत टिकत नाहीं, म्हणून तें टोंचावें लागे. पुष्कळ जंतूंवर, विशेषतः आंतड्यांत वस्ती करणाऱ्या जातींवर, त्याचा प्रभाव अगदीं थोडा पडे. तिसरें वैगुण्य सर्वांत भयंकर. कांहीं जंतू पेनिसिलिनेझ नांवाचें एन्झाइम तयार करतात आणि तें चौकोनी कडें अगोदरच कापून टाकतात. एब्रहॅम व चेन यांनीं हें एन्झाइम १९४० सालींच पाहिलें होतें. म्हणजे औषध रोग्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच त्याचा वैरी ठाऊक झाला होता! १९५० च्या सुमारास रुग्णालयांतल्या पू उत्पन्न करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकीं पुष्कळ या विद्येंत तरबेज झाले होते, आणि शस्त्रक्रियेच्या जखमा पुन्हां चिघळूं लागल्या होत्या.

उपाय उघड होता. मूठ बदलावी. पण ती बदलावी कशी? बुरशीला निरनिराळीं द्रव्यें चारून पाहण्यांत आलीं. त्यांतून आम्लांत टिकणारें पेनिसिलीन-व्ही मिळालें, हा मोठाच लाभ. तथापि बुरशी आपल्या आवडीच्या मोजक्याच साखळ्या स्वीकारी. इतर द्रव्यें ती तशींच सोडून देई. मग सारें औषध प्रयोगशाळेंतच पहिल्यापासून बांधावें, तर तोहि मार्ग बिकट. युद्धकाळांत इंग्लंड-अमेरिकेंतले शेंकडों रसायनशास्त्रज्ञ त्याच्या मागें लागून थकले होते. मॅसॅच्युसेट्स येथील जॉन शीहान यांनीं मात्र हट्ट सोडला नाहीं. त्या नाजूक कड्याला धक्का न लावतां तें मिटवण्याची सौम्य रीत त्यांनीं स्वतः शोधून काढली आणि १९५७ सालीं पेनिसिलीन-व्ही कृत्रिम रीतीनें तयार केलें. रसायनशास्त्रांतला हा एक थोर पराक्रम होय. पण बाजारांत विकावयाचें औषध त्या वाटेनें होणें शक्य नव्हतें; बुरशी जें काम साखर खाऊन करते, त्याला माणसाला खर्चिक द्रव्यें व पायऱ्यांमागून पायऱ्या लागत होत्या.

आतां इंग्लंडमधील बीचॅम कंपनीकडे वळूं. बीचॅमच्या गोळ्या आणि केंसांना लावावयाचें ब्रिलक्रीम विकणारी ही कंपनी मूलभूत संशोधन करील, असें कोणाच्या मनांतहि आलें नसतें. तिनें सरे परगण्यांत ब्रॉकहॅम पार्क येथें प्रयोगशाळा काढली आणि अर्न्स्ट चेन यांचा सल्ला घेतला. चेन तेव्हां रोममध्यें काम करीत. रॉलिन्सन आणि बॅचेलर हे दोघे तरुण शास्त्रज्ञ १९५६ सालीं त्यांच्याकडे गेले. बेत असा होता, कीं बुरशीकडून असें एक पेनिसिलीन करून घ्यावें, ज्याच्या मुठीवर रसायनशास्त्रज्ञाला आणखी कांहीं जोडतां येईल. म्हणजे मुठीला मूठ!

या कामांत रसांतलें पेनिसिलीन मोजावें लागे. मोजण्याच्या रीती दोन. एक जंतूंची: रसानें जंतूंची वाढ किती अडते तें पाहावयाचें. दुसरी रसायनाची: चौकोनी कडें किती आहे तें एका द्रव्याशीं संयोग घडवून रंगावरून ओळखावयाचें. एरवीं दोन्ही उत्तरें जुळत. पण बुरशीला साखळीसाठीं कांहींच द्रव्य दिलें नाहीं, तर तीं जुळेनात. रसायनाची रीत सांगे पेनिसिलीन पुष्कळ आहे. जंतूंची रीत सांगे थोडें आहे.

असा फरक प्रयोगशाळेंत नेहमींच पडतो. जंतूंवरची मोजणी बेभरंवशाची असते, रसांत नाना भेसळी असतात. मान हालवून पुढें जाण्यास कारणें हवीं तेवढीं होतीं. आणि इतरांनीं पूर्वीं तसें केलेंहि असावें, कारण हा फरक कांहीं त्या वर्षीं प्रथमच उत्पन्न झाला नव्हता. जपानांत साकागुची व मुराओ यांनीं १९५० सालीं पेनिसिलीनची साखळी तोडणारें एन्झाइम वर्णिलें होतें, आणि काटो यांनीं १९५३ सालीं अशा रसांत गाभा असावा असें सुचवलेंहि होतें. परंतु त्या वार्तेचा बोभाटा झाला नाहीं. ब्रॉकहॅम पार्कच्या मंडळींनीं तर्क केला, कीं कडें आहे पण जंतू मरत नाहींत, म्हणजे रसांत पातें आहे आणि मूठ नाहीं. तर्काची परीक्षा सोपी होती. त्यांनीं त्या रसांत फेनिल-ॲसेटिल क्लोराइड मिसळलें, म्हणजे नेहमींची मूठ हातानें बसवून पाहिली. जंतूंना मारण्याची शक्ति एकदम वाढली, आणि जें तयार झालें तें पेनिसिलीन-जी होतें. बॅचेलर, डॉइल, नेलर आणि रॉलिन्सन यांनीं हा शोध १९५९ च्या जानेवारींत 'नेचर' पत्रांत प्रसिद्ध केला. शीहान यांनींहि आपल्या मार्गानें तोच गाभा बांधला होता. पुढें अमेरिकेच्या पेटंट कचेरींत उभयपक्षांचें भांडण बरींच वर्षें चाललें आणि १९७९ सालीं निकाल शीहान यांच्या बाजूनें लागला. परंतु कारखान्याला गाभा मिळाला तो बुरशीकडूनच.

या भुकटीच्या प्रत्येक रेणूवर नत्राचा एक मोकळा हात असतो. त्या हातांत रसायनशास्त्रज्ञानें हवी ती साखळी द्यावी. बुरशीची आवडनिवड आतां आड येत नव्हती. असल्या अर्धवट घडलेल्या द्रव्याचा संशोधकाला हाच खरा उपयोग असतो: एक भाग स्थिर ठेवून दुसरा बदलीत जावें, आणि प्रत्येक बदलानें एक प्रश्न विचारावा. पुढील वर्षांत हजारों मुठी बसवून पाहण्यांत आल्या. रोग्यापर्यंत पोंचल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या.

पहिला प्रश्न पेनिसिलिनेझाचा. कड्याच्या अगदीं लगत एवढी जाडजूड साखळी बसवली, कीं कापणाऱ्या एन्झाइमाला आंत शिरतां येऊं नये, तर? १९६० सालीं आलेलें मेथिसिलीन हें या प्रश्नाचें उत्तर. एन्झाइमाची कात्री खरोखरच अडली. औषध टोंचावें लागे, आणि साध्या जंतूंवर तें पेनिसिलीन-जी हून दुबळें होतें; पण जेथें तें चालत नव्हतें तेथें हें चाललें. थोड्याच काळानें क्लॉक्सासिलीन आलें. त्यांत जाडजूडपणा राखून आम्लांत टिकण्याचा गुणहि साधला होता.

दुसरा प्रश्न आंतड्यांतल्या जंतूंचा. त्यांच्या भिंतीबाहेर आणखी एक चरबीयुक्त पडदा असतो, व त्यांतल्या अरुंद पाण्याळ वाटांनींच औषधाला आंत जावें लागतें. पेनिसिलीन-जी च्या मुठीवर नत्राचा एक गट ठेवला, तर ती पाण्याशीं अधिक सलगी करते. एवढ्या एका गटानें १९६१ चें ॲम्पिसिलीन जन्मास आलें, आणि मूत्रमार्गाच्या व आंतड्यांच्या कित्येक विकारांत पेनिसिलीनच्या कुळाला प्रथमच प्रवेश मिळाला. पुढें त्याच मुठीवर ऑक्सिजन-हायड्रोजनाची एक जोडी वाढवली आणि ॲमॉक्सिसिलीन झालें. तें आंतड्यांतून रक्तांत अधिक चांगलें शोषलें जातें. भाषणाच्या आरंभीं ज्या बाटलीचा उल्लेख केला, तींत बहुधा हेंच असतें. मला या दोन औषधांचें कौतुक मेथिसिलीनपेक्षां अधिक वाटतें. एक-दोन अणूंच्या फेरफारानें एवढा पालट होतो, हें गाभा हातीं नसता तर कोणास कळलें असतें?

मेथिसिलीनची कथा मात्र खेदजनक आहे. तें बाजारांत आल्यावर वर्षभरांतच, १९६१ सालीं, लंडनच्या पॅट्रिशिया जेव्हन्स यांनीं त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंची नोंद केली. या जंतूंनीं नवी कात्री शोधली नव्हती. भिंत विणणारें एन्झाइमच त्यांच्यापाशीं निराळें होतें, आणि पेनिसिलीन त्याला धड चिकटतच नव्हतें. म्हणजे मूठ कितीहि कुशलतेनें बसवा, पात्याला लागेल असें लाकूडच समोर उरलें नव्हतें. आज रुग्णालयांतले डॉक्टर एम्-आर्-एस्-ए या चार अक्षरांचा धसका घेतात, तो याच वंशाचा. कात्री चालवणाऱ्या जंतूंवरहि सर्वत्र मूठ पुरी पडली नाहीं. तेव्हां त्याच बीचॅम कंपनीनें क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड हें दुसरेंच द्रव्य ॲमॉक्सिसिलीनच्या जोडीला दिलें. तें स्वतः जंतूंना फारसें मारीत नाहीं. कात्रीच्या तोंडीं स्वतःला देऊन तिला निकामी करतें.

आतां कारखान्याकडे येऊं. साखळीवांचून वाढवलेल्या रसांत गाभा अगदीं थोडा निघे. त्यापेक्षां बुरशीकडून भरघोस पेनिसिलीन-जी करून घ्यावें आणि त्याची मूठ काढून टाकावी, हें फायद्याचें. पण अडचण पाहा. मूठ जेथें जोडलेली असते तो बंध, आणि चौकोनी कड्यांतला बंध, हे दोन्ही एकाच जातीचे. आणि त्यांतला कड्याचाच अधिक नाजूक. मुठीवर घाव घालावा तर पातें मोडतें. रसायनशास्त्रज्ञांनीं उणें चाळीस अंशांच्या थंडींत, पाण्याचा थेंबहि येऊं न देतां, फॉस्फरस पेंटाक्लोराइडासारख्या उग्र द्रव्यानें ही किमया साधली. तीच गोष्ट पेनिसिलीन-ॲसिलेझ नांवाचें एन्झाइम कोमट पाण्यांत सहज करतें. आणि हें एन्झाइम मिळतें कोठें? १९६० च्या सुमारास असें दिसून आलें, कीं तें आंतड्यांत राहणाऱ्या इ. कोलाय या अगदीं सामान्य जंतूपाशीं असतें! हें एन्झाइम बारीक मण्यांवर घट्ट बसवून ठेवतात; त्यांवरून पेनिसिलीनचें पाणी फिरवलें, कीं मूठ सुटते. मणी पुन्हां पुन्हां वापरतां येतात. मग पाणी जरासें आम्ल केलें, म्हणजे गाभा पांढऱ्या स्फटिकांच्या रूपानें खालीं बसतो. आतां तर हेंच एन्झाइम उलट दिशेनें राबवून नवी मूठ बसवण्याचें कामहि त्याच्याकडून करून घेतात.

या एन्झाइमाशीं आपल्या पुण्याचा निकटचा संबंध आहे. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्तान ॲंटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानें निघाला, आणि भारतांत पेनिसिलीन होऊं लागलें. तेथून थोड्याच अंतरावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत पेनिसिलीन-ॲसिलेझावर वर्षानुवर्षें संशोधन झालें. पेनिसिलीन-व्ही ची मूठ तोडणाऱ्या एन्झाइमाची क्ष-किरणांनीं काढलेली रचना १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. ती या प्रयोगशाळेच्या व इंग्लंडमधील यॉर्कच्या शास्त्रज्ञांनीं मिळून केली होती. पेनिसिलीन-जी व पेनिसिलीन-व्ही यांचीं दोन एन्झाइमें दिसावयास फार भिन्न. पण कापण्याची युक्ति दोहोंची एक. साखळीच्या अगदीं पहिल्या दुव्यानेंच हीं दोन्ही कापतात, असें त्यावरून दिसून आलें.

ज्ञान होतें, तरी व्यापार निराळ्या वाटेनें गेला. चिनी कारखाने पेनिसिलीन-जी आणि गाभा इतके स्वस्त देऊं लागले, कीं भारतांतल्या टाक्या एकामागून एक थंड पडल्या. ॲमॉक्सिसिलीनच्या गोळ्या येथें भरपूर होत, जगभर जात. पण त्यांतलें पातें बाहेरून येई आणि येथें फक्त मूठ बसे. २०२० सालीं करोनाच्या सांथीनें वाहतूक अडली, तेव्हां या परावलंबनाची धास्ती सर्वांस वाटली. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें औषधांच्या मूळ द्रव्यांसाठीं उत्तेजनाची योजना जाहीर केली आणि पेनिसिलीन-जी चें नांव तींत घातलें. २०२४ सालीं आंध्र प्रदेशांत काकिनाड्याजवळ त्या योजनेखालीं पेनिसिलीन-जी चा एक मोठा कारखाना सुरू झाला. त्याच्या टाक्यांत बुरशीला साखरेबरोबर अजूनहि तेंच फेनिल-ॲसेटिक ॲसिड चारावें लागतें. गाभा काढतांना एन्झाइम तीच साखळी कापून टाकतें. ती पाण्यांतून वेगळी काढून पुन्हां बुरशीला घालतां येते.